नाणी चमकवायचं लिक्विड: देवघरातल्या रुपयाला चालेल, संग्रहातल्या नाण्याला लावू नका

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण बरेच लोक अर्धं वाचून बाटली मागवून मोकळे होतात. काळा पडलेला चांदीचा रुपया या लिक्विडने पांढरा होतो का? होतो. दहा-पंधरा सेकंदात होतो, व्हिडिओत दाखवतात तसाच होतो, तिथं काही फसवणूक नाही. माझं भांडण आहे ते बाटलीवर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेल्या "कॉइन कलेक्टर्ससाठी खास" या ओळीशी, कारण नाणी जमवणाऱ्याने जे करू नये नेमकं तेच ही बाटली करते, आणि तेही इतक्या सहज की माणूस एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं असं करत अख्खा अल्बम धुवून काढेल.

बाटली माझी नाही, भाच्याची. ताईकडे लक्ष्मीपूजनाला ताटात मांडायचे चांदीचे रुपये आहेत, तिच्या सासऱ्यांचे, सासरे गिरणीत कामाला होते. सोलापुरात जुन्या घरांत असे पाच-दहा रुपये असतातच, कुंकवाच्या करंड्याशेजारी लाल फडक्यात बांधलेले. ते पार काळे झाले होते म्हणून भाच्याने मोबाईलवर शोधून हे लिक्विड मागवलं, चारशेच्या आसपास पडलं, पाव लिटर. आणि मग मला फोन, "मामा, तुमची पण आणा की, एकदम नवी करून देतो." मी म्हटलं आणतो, पण माझ्या डब्यातली डुप्लिकेट आणतो, जी तशीही सराफ वजनावर घेईल. चांगल्या नाण्यावर प्रयोग करायचा नाही हे तर ठरलेलंच, पण नेमकं काय होतं ते स्वतःच्या डोळ्याने आणि भिंगाखाली बघायचं होतं.

पॅकिंग ठीक आहे. रुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली, आत जाळीची छोटी टोपली, नाणं तिच्यात ठेवायचं आणि बुडवायचं. झाकण मात्र नीट बसत नाही, आडवी ठेवली की पाझरते. लिक्विड पाण्यासारखं, रंग नाही. वास मात्र आहे, काळं नाणं बुडवलं की सडक्या अंड्याचा भपकारा येतो, ताईने लगेच आम्हाला गॅलरीत हाकललं. वास येतो त्याचं कारण साधं आहे. चांदी काळी पडते म्हणजे तिच्यावर हवेतल्या गंधकाचा थर चढतो, सिल्व्हर सल्फाइड. या असल्या डिपमध्ये, म्हणजे बुडवून चमकवायच्या लिक्विडमध्ये, थायोयुरिया आणि एखादं ॲसिड असतं, ते दोन्ही मिळून हा थर विरघळवतात आणि गंधक वायू होऊन बाहेर पडतो. या बाटलीवर घटक बारीक अक्षरात दिलेत, त्यात थायोयुरिया लिहिलाय, ॲसिड कुठलं ते लिहिलेलं नाही, नुसतं "ॲसिडिक सोल्युशन". हातमोजे वापरा असंही कुठं ठळक लिहिलेलं नाही आणि ते मला खटकलं, कारण थायोयुरिया हे काही लिंबूपाणी नव्हे, कॅन्सरच्या संशयित रसायनांच्या यादीत त्याचं नाव आहे. लहान मुलांच्या घरात तर फारच जपून.

आता ताईचे रुपये. एकदम झकास झाले. ती खूश, भाचा खूश, आणि खरं सांगू का, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ते रुपये कधी विकायचे नाहीत, कुणी भिंग लावून बघणार नाही, वर्षातून एकदा हळद-कुंकू लागणार आणि परत फडक्यात जाणार. त्यातल्या दोन रुपयांना तर कडी डागलेली आहे, म्हणजे कधीतरी कुणाच्या तरी गळ्यात होते. कडी डागली की नाणं म्हणून त्याची किंमत तिथंच संपली, तो दागिना झाला, दागिना चमकवायचाच असतो. फक्त धुवून पुसून नीट वाळवा, नाहीतर त्या कडीच्या जोडाच्या फटीत ॲसिड अडकून राहतं आणि पुढच्या दिवाळीला तिथं हिरवं दिसतं.

माझं पहिलं नाणं होतं पंचम जॉर्जचा १९१९ चा रुपया. साधा, भरपूर मिळतो, ११.६६ ग्रॅम वजन म्हणजे बरोबर एक तोळा, त्यात चांदी ९१.७ टक्के. वापरून झिजलेला. पण दिसायला सुंदर होता हो. राजाच्या गालावर, मुकुटावर, जिथं बोटं लागतात तिथं राखाडी आणि अक्षरांच्या मधे, झग्यावरच्या नक्षीत, मागच्या वेलबुट्टीच्या खोबणीत काळं. त्या काळ्यामुळेच नक्षी उठून दिसते. राजाच्या गळ्यातल्या साखळीला तो छोटा हत्ती लटकतो ना, १९११ च्या रुपयावर जो लोकांना डुक्कर वाटला आणि त्यावरून गदारोळ झाला, मग १९१२ पासून सोंड नीट केली, तो हत्ती झिजलेल्या रुपयावर ओळखू येतो तो त्याच्याभोवतीच्या काळ्या रेषेमुळेच. रुपया बुडवला, दहा सेकंद, बाहेर. सगळं पांढरं. गाल पांढरा, खोबण पांढरी, हत्ती पांढरा. आणि हत्ती गेला! म्हणजे आहे तिथंच आहे, पण आता लाईटखाली वाकडातिकडा धरून शोधावा लागतो. झीज जी त्या काळ्याने झाकली होती ती सगळी उघडी पडली. भाचा म्हणतो मस्त दिसतोय, मी म्हटलं शंभर वर्षं हिंडलेलं नाणं शंभर वर्षं हिंडलेलं दिसायला पाहिजे की, हे झिजलेलं पण आहे आणि कोरं पांढरं पण आहे, असं निसर्गात कुठं होतं? जुना विक्रेता हे लांबूनच ओळखतो, हातात घ्यायचीही गरज पडत नाही.

दुसरी होती १९४५ ची पावली, म्हणजे पाव रुपया, सहाव्या जॉर्जची. हिच्यात चांदी निम्मीच, कारण युद्धात चांदी महागली तेव्हा सरकारने १९४० पासून रुपयात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं आणि पाच-पाच टक्के निकेल-जस्त असं मिश्रण सुरू केलं. माझी पावली फारशी वापरलेली नव्हती, टाकसाळीतली मूळ चमक बरीच शिल्लक होती, कडेला फक्त सोनेरी-तांबूस झाक. इथं थोडं थांबतो, कारण सगळा मुद्दा इथंच आहे आणि बाटलीवाले तो सांगत नाहीत.

नवीन नाणं ठोकताना धातू दाबाने मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उमटतात, साध्या डोळ्याला न दिसणाऱ्या. त्या रेषांवरून प्रकाश परततो म्हणून नाणं बल्बखाली हळूहळू कलतं केलं की चमकेचा एक पट्टा गोल फिरताना दिसतो, गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा, इंग्रजीत त्याला कार्टव्हील म्हणतात आणि आपले विक्रेतेपण तेच म्हणतात. नाणं कोरं आहे की नाही हे बघायची ही पहिली खूण. आता डिप काय करतं, तर काळा थर विरघळवतं. पण तो काळा थर काही वरून टाकलेला रंग नाही, तो त्या नाण्याचीच वरची चांदी आहे, गंधकाशी जोडली गेलेली. थर गेला म्हणजे तेवढी चांदी गेली. आणि ॲसिड तिथंच थांबत नाही, खालचा उघडा धातूही थोडा थोडा खात राहतं. एकदा बुडवलं तर कदाचित कळणार नाही, पट्टा फिरतो अजून. दुसऱ्यांदा बुडवलं, जास्त वेळ ठेवलं, की त्या बारीक रेषा सपाट होतात आणि पट्टा फिरायचा थांबतो. नाणं पांढरं असतं पण मेलेलं असतं. धुवून धुवून विटलेली चादर कितीही स्वच्छ असली तरी नवी दिसत नाही, तसं.

माझी पावली पहिल्या बुडीला उलट छान दिसली, हे कबूल करायला पाहिजे. कडेची झाक गेली, चमक राहिली. मग मी मुद्दाम परत बुडवली, आणि जरा जास्त वेळ. पट्टा मंदावला. अजून एकदा. आता ती एकसारखी पिठूळ पांढरी आहे आणि कशीही फिरवा, काही हलत नाही. तांबं जास्त असलेल्या नाण्यांवर तर मधे मधे गुलाबी-पिवळसर छटाही येते. ज्यांना वाटतं की "थोडंच बुडवायचं, मग काही होत नाही" त्यांनी एवढं लक्षात घ्या की तुमच्या हातातलं नाणं आधीच्या मालकाने किती वेळा बुडवलंय ते नाण्यावर लिहिलेलं नसतं.

आणि तो जो रंग गेला त्याचं काय? सोनेरी, मग जांभळट, मग निळा, असा चांदीवर जो रंग चढतो तो त्या सल्फाइडच्या थराच्या जाडीमुळे, साबणाच्या फुग्यावर दिसतो त्याच कारणाने. कागदाच्या पुडीत, लाकडी पेटीत वर्षानुवर्षं पडून हळूहळू आलेला असा रंग असेल तर हौशी लोक जास्त पैसे मोजतात. तुम्ही तो दहा सेकंदात गटारात सोडता.

धुण्याबद्दल. बाटलीवर लिहिलंय "पाण्याने धुवा". कुठल्या पाण्याने? आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, बाकी दिवस बोअरचं, बादलीच्या कडेला पांढरा क्षार धरतो तेच. त्या पाण्याने धुतलं तर क्षार नाण्यावर वाळतो, आणि डिपचा अंश अक्षरांच्या कोपऱ्यात राहिला की काही दिवसांनी तिथं तपकिरी ठिपके उठतात. १९१९ च्या रुपयावर मी अर्धं धुणं मुद्दाम नळाच्या पाण्याखाली उरकलं होतं, आता "इंडिया" या शब्दापाशी पिवळे ओघळ आलेत. डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीच्या दुकानात मिळतं, पण मागताना डिस्टिल्डच म्हणा, नुसतं "बॅटरीचं द्या" म्हटलं तर एखादा ॲसिड हातात ठेवायचा. आणि उघड्या पडलेल्या ताज्या चांदीवर पुन्हा काळं चढतं ते आधीपेक्षा वेड्यावाकड्या डागांनी चढतं, म्हणजे लोक परत बुडवतात. बाटली संपते, नवी येते. धंदा म्हणून उत्तम आहे.

तांब्याचं तर विचारू नका. लेबलवर चांदीसोबत तांबं-पितळेचंही चित्र आहे. मी एक भोकाचा पैसा आणि १८६२ चा पाव आणा, राणीचा, असे दोन टाकले. पाव आण्याचं मूळ तपकिरी, त्या चॉकलेटी रंगावर तर नाणेवाले जीव टाकतात, ते सगळं जाऊन नाणं असं गुलाबी-नारिंगी निघालं की नर्सरीतल्या मुलाने रंगवलंय. भोकाचा पैसा तसाच. हा रंग तांब्याला कधीच नसतो, टाकसाळीतून निघतानाही नसतो. नंतर तो मळकट होत जातो पण मूळ तपकिरी परत येत नाही. चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोल्ड्रिंक, सगळ्यांचं तेच, सगळी ॲसिडंच. भांड्याच्या पावडरीने घासणारे तर अजून पुढचे, त्यात रंगही जातो आणि वर हजार बारीक ओरखडे पडतात. तांब्याच्या हंड्याला ती पावडर उत्तम, हंडा कुणी भिंगाखाली बघत नाही.

यात सगळ्यात वाईट वाटतं ते शिवराईचं. पंढरपूरच्या बाजूला, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, जुन्या बाजारात, कुठं कुठं नदीतून निघालेल्या म्हणून शिवराया विकायला असतात. आता शिवराई म्हणजे हाताने ठोकलेलं ओबडधोबड तांबं, एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति", आणि ठसा तुकड्यापेक्षा मोठा असल्यामुळे बहुतेक नाण्यांवर सगळी अक्षरं पूर्ण येत नाहीत, कुठं "श्री" अर्धा, कुठं "व" गायब. विकणारा काय करतो, गिऱ्हाईकाला चमक आवडते म्हणून ॲसिडमध्ये टाकून लाल करून ठेवतो. पण मातीत पडलेल्या तांब्याचा वरचा भाग शेकडो वर्षांत हळूहळू बदलून त्याचा तपकिरी-हिरवा कडक थर झालेला असतो आणि बऱ्याचदा अक्षरांचा उठाव त्या थरातच टिकलेला असतो, आतल्या धातूत नाही. थर विरघळला की अक्षरं त्याच्याबरोबर जातात. मग उरतो खड्ड्या-खड्ड्यांचा लाल तुकडा. अशी लालबुंद शिवराई कुणी "क्लीन करून ठेवलीय साहेब" म्हणून जास्त भावाने दिली तर घेऊ नका, तपकिरी, मळकी, अक्षर वाचता येणारी घ्या.

हिरवं दिसलं म्हणजे लगेच बाटली उघडायची नाही, आधी हिरवं कुठलं ते बघा. कडक, गुळगुळीत, नाण्याला घट्ट चिकटलेलं गडद हिरवं असेल तर ते त्याचं संरक्षण आहे, राहू द्या. फिकट, भुसभुशीत, नखाने पावडर निघते असं असेल तर तो कांस्यरोग, आत मिठाचा अंश असतो आणि ओलावा मिळाला की तो धातू खात जातो, हे नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढा, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. आणि तिसरं, चिकट, ओलसर, बोटाला तेलासारखं लागणारं हिरवं, ते प्लास्टिकचं. आपल्याकडे हे तिसरंच जास्त, कारण स्टेशनरीत मिळणारे मऊ पारदर्शक अल्बम पीव्हीसीचे असतात आणि सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे चाळीसच्या वर पारा, लोखंडी कपाट दुपारी हात लावू देत नाही. त्या उष्णतेत पीव्हीसी घाम सोडतं आणि तो नाण्यावर बसतो.

या तिसऱ्या हिरव्यावर मात्र रसायन वापरायचंच, आणि ते म्हणजे ॲसिटोन. ते ॲसिड नाही, धातूला खात नाही, फक्त तेलकट-चिकट गोष्टी, टेपचा गोंद, प्लास्टिकचा घाम विरघळवतं. शुद्ध घ्या, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल, सुगंध, रंग काय काय घातलेलं असतं. काचेची वाटी घ्या, प्लास्टिकची नको, काही प्लास्टिकं त्यात वितळतात आणि तेच परत नाण्यावर बसतं. खिडकी उघडी, गॅस बंद, देवाचा दिवासुद्धा विझलेला, कारण ते पेट्रोलसारखं पेट घेतं. नाणं बुडवून ठेवायचं, काढायचं, ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा खळाळायचं, हवेत वाळू द्यायचं. पुसायचं नाही! मऊ कापडानेसुद्धा घासायचं नाही, धुळीचा एक कण कापडाखाली आला की ओरखडा पडलाच. माझ्या पिशवीतून निघालेल्या काही अधेल्या, म्हणजे अर्ध्या रुपयाची नाणी, अशाच वाचल्या, हिरवा चिकटा गेला आणि खालचा रंग जसा होता तसा राहिला. नुसती माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवणं पुरतं. माझा हिशोब सरळ आहे, जे बाहेरून येऊन नाण्यावर बसलंय ते काढायला हरकत नाही, जे नाण्याच्या धातूतूनच तयार झालंय त्याला हात लावायचा नाही.

घरगुती उपायातला फॉइलवाला प्रकार लोक "सेफ" म्हणून सांगतात, गरम पाणी, खायचा सोडा, तळाला ॲल्युमिनियम फॉइल. खरंय की त्यात ॲसिड नाही, आणि चांदीवरचं गंधक ॲल्युमिनियमकडे जातं, चांदी परत चांदी होते. पण परत आलेली चांदी पहिल्यासारखी गुळगुळीत बसत नाही, खरखरीत बसते, त्यामुळे चमक मंद. चमच्याला चालेल. आणि चुकूनही तीन पैशाचं, वीस पैशाचं ॲल्युमिनियमचं नाणं त्या सोड्याच्या गरम पाण्यात टाकू नका, तिथं ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. टूथपेस्टबद्दल मी बोलतच नाही.

एका संध्याकाळी बुडवलेला रुपया आणि न बुडवलेला जोडीदार दोन्ही घेऊन सराफ कट्ट्याकडे गेलो. तिथं एक कारागीर आहेत, दागिने उजळून देतात, रिठ्याचं पाणी आणि पितळी ब्रश, वर्षानुवर्षं तेच काम. मी न बुडवलेला पुढं केला आणि म्हटलं अण्णा, उजळून किती घ्याल? त्यांनी रुपया उलटा-पालटा केला आणि विचारलं, "पूजेचा हाय का अल्बमचा?" अल्बमचा म्हटल्यावर परत माझ्या हातात दिला. "मग कशाला ओ सर, ब्रश लागला की वजनाचा होतोय." चारशेच्या बाटलीवर जे लिहायला पाहिजे होतं ते त्यांनी फुकटात सांगितलं. बुडवलेला दाखवला तर नुसते हसले, म्हणाले वजन करू का?

किंमतीचं गणितही तसंच आहे. झिजलेला साधा रुपया तसाही चांदीच्या भावाच्या आसपास जातो, त्यात शुद्ध चांदी पावणेअकरा ग्रॅमच्या जवळ, तो काळा असो की पांढरा, नुकसान फार नाही. पण हातात १९११ चा आला, १९३९ चा आला, जो जॉर्ज सहावाच्या रुपयांत सगळ्यात दुर्मिळ, किंवा कोऱ्या अवस्थेतला कुठलाही आला, तर तो बुडवणं म्हणजे पैसे ओतून देणं. परदेशी ग्रेडिंग कंपन्या, एनजीसी आणि पीसीजीएस, १ ते ७० च्या श्रेणीत नाण्याला आकडा देतात, पण नाणं चुकीचं साफ केलेलं दिसलं की आकडाच देत नाहीत, नुसतं "डिटेल्स" लिहून पुढं "क्लीन्ड" असा शेरा मारतात. लिलावात त्या शेऱ्याचं नाणं लोक बघून पान उलटतात.

भाच्याचा एक मुद्दा मात्र रास्त होता. तो म्हणाला, मामा, म्युझियमवाले पण साफ करतातच की. करतात. त्या ग्रेडिंग कंपन्यांचीही साफसफाईची वेगळी सेवा आहे. पण ते आधी भिंगाखाली बघून ठरवतात की थर कुठला, कशाने आला, काढला तर खाली काय राहील, आणि बरीचशी नाणी काहीही न करता परत देतात. गरज असेल तिथं डिपसुद्धा वापरतात, विरळ करून, क्षणभर, आणि नंतर नीट निष्प्रभ करून धुतात. रसायन वाईट असं माझं म्हणणं नाही. काळं दिसलं की बुडव, एवढीच ज्याची अक्कल आहे त्याच्या हातात ती बाटली "खास कलेक्टर्ससाठी" म्हणून देणं वाईट.

आता स्टार. चांदीची भांडी, पैंजण, देवाची ताटली, पूजेचे रुपये यांच्यासाठी पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या गळक्या झाकणाचा कापला आणि एक हातमोज्याची सूचना दिली नाही म्हणून. तांब्या-पितळेसाठी एक, तोही डिलिव्हरी वेळेवर आली म्हणून. जमवलेल्या नाण्यांसाठी शून्य, पण ॲपवर शून्य देता येत नाही म्हणून तिथं एकच दिसेल. वापरणारच असाल तर बेसिनपाशी, प्लास्टिकचा ट्रे खाली घेऊन वापरा. कडप्प्याच्या ओट्यावर किंवा शहाबादी फरशीवर अजिबात नको, दोन्ही चुनखडीचेच दगड, थेंब पडला की पॉलिश उडून पांढरा डाग पडतो. ताईच्या गॅलरीत असा एक डाग आहे, बरोबर रुपयाएवढा, आणि त्याच्यावर कुंडी ठेवलेली आहे. उघडलेली बाटली कंपनी परत घेत नाही, विचारून झालं.